तिलावत मध्येच तुटू नये म्हणून : ऑनलाइन व्हिडिओ व्हीएलसीमध्ये कसे लावावेत

आता घरोघरी तिलावत, दर्स आणि बयान मोबाइलवर किंवा लॅपटॉपवरच ऐकले जातात. सोय मोठी आहे, पण सूरह संपण्याआधीच जाहिरात येते. बयान संपले की पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होतो आणि तो कशाचा असेल, हे आपल्या हातात नसते. मुले समोर बसलेली असली की हे जास्तच खटकते. यावर एक साधा, बिनपैशाचा उपाय आहे. व्हिडिओ ब्राउझरमध्ये न पाहता त्याची लिंक वेगळ्या प्लेअरमध्ये लावायची. तिथे तुम्ही दिलेली लिंक तेवढी चालते, बाजूला दुसरे काही दिसत नाही. ते कसे करायचे, हे आम्ही इथे देत आहोत.

व्हीएलसी म्हणजे काय?

नारिंगी-पांढऱ्या शंकूचे चिन्ह असलेला हा प्लेअर बहुतेकांनी पाहिलेला असतो. पॅरिसजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातील विद्यार्थ्यांनी 1996 मध्ये हे काम सुरू केले आणि 2001 पासून तो मुक्त परवान्याखाली सर्वांना उपलब्ध आहे. आज व्हिडिओलॅन ही ना-नफा संस्था तो सांभाळते. त्यात जाहिराती नाहीत आणि खातेही उघडावे लागत नाही.

2022 मध्ये भारतात या संस्थेची वेबसाइट अनेक महिने बंद होती. नोव्हेंबर 2022 मध्ये ती पुन्हा सुरू झाली. त्यामुळे आता इकडून-तिकडून फाइल घेण्याचे कारण उरलेले नाही. संगणकासाठी 'व्हिडिओलॅन डॉट ओआरजी' आणि मोबाइलसाठी प्ले स्टोअर किंवा अ‍ॅप स्टोअर, एवढ्याच ठिकाणांहून तो घ्यावा.

कोणती लिंक चालते?

बहुतेकांची अडचण इथेच होते. वेबपानाचा पत्ता वेगळा आणि व्हिडिओच्या फाइलचा पत्ता वेगळा. प्लेअरला फाइलचा पत्ता लागतो. तो ओळखायची खूण म्हणजे शेवटची अक्षरे. 'एमपीफोर' असेल तर व्हिडिओ, 'एमपीथ्री' असेल तर आवाज आणि 'एमथ्रीयूएट' असेल तर बहुधा थेट प्रक्षेपण.

इंटरनेट आर्काइव्हवर प्रत्येक नोंदीच्या बाजूला डाउनलोडचे पर्याय असतात. त्यातल्या एमपीफोर किंवा एमपीथ्रीवर उजवे क्लिक करून लिंक कॉपी करता येते. 'एमपीथ्री कुरआन' या वेबसाइटवर वेगवेगळ्या कारींच्या आवाजातील सूरहच्या थेट लिंक मिळतात. तुमच्या मशिदीचे किंवा मदरशाचे प्रक्षेपण स्वतःच्या वेबसाइटवर होत असेल, तर ते सांभाळणाऱ्यांकडे स्ट्रीमची लिंक मागा.

यूट्यूबची लिंक मात्र व्हीएलसीमध्ये कधी चालते, कधी नाही. यूट्यूब आपली रचना बदलत राहते, म्हणून तिच्यावर अवलंबून राहू नका. नेटफ्लिक्ससारख्या सेवांचे व्हिडिओ कुलूपबंद असतात, ते तिथे चालणारच नाहीत.

संगणकावर

1. व्हीएलसी उघडा.
2. कंट्रोल आणि एन ही बटणे एकत्र दाबा. किंवा 'मीडिया' मेनूतून 'ओपन नेटवर्क स्ट्रीम' निवडा.
3. चौकटीत लिंक पेस्ट करा आणि 'प्ले' दाबा.

अँड्रॉइड मोबाइलवर

व्हीएलसीमध्ये खाली 'मोअर' आहे. तिथे 'न्यू स्ट्रीम'मध्ये लिंक पेस्ट करा. स्क्रीन बंद करून फक्त ऐकायचे असेल तर 'प्ले अ‍ॅज ऑडिओ' हा पर्याय निवडा.

सबक पाठ करताना

हिफ्ज किंवा तजवीद शिकणाऱ्या मुलांसाठी दोन सोयी फार कामाच्या आहेत. पहिली वेगाची. संगणकावर डावा चौकोनी कंस दाबला की वेग थोडा कमी होतो, उजवा दाबला की वाढतो आणि बरोबरचे चिन्ह दाबले की मूळ वेग येतो. आवाजाची पट्टी न बिघडता कारीचा उच्चार सावकाश ऐकता येतो.

दुसरी सोय पुनरावृत्तीची. 'व्ह्यू' मेनूतून 'अ‍ॅडव्हान्स्ड कंट्रोल्स' चालू करा. त्यातले ए-बी बटण आयत सुरू होताना एकदा आणि संपताना एकदा दाबा. तेवढीच आयत पुन्हा पुन्हा ऐकू येते. तिसऱ्यांदा दाबले की थांबते. ही सोय पूर्ण फाइलसाठी आहे, थेट प्रक्षेपणासाठी नाही. आणि उस्तादांची जागा मशीन घेत नाही. घरी सराव करा, पण सबक त्यांनाच ऐकवा.

डेटा किती जातो?

128 केबीपीएसचे एमपीथ्री तासभर ऐकले तर साधारण 58 एमबी डेटा लागतो. 1 एमबीपीएसचा व्हिडिओ तासाला 450 एमबीच्या आसपास खातो. एक गैरसमज दूर करायला हवा. एमपीफोर व्हिडिओची लिंक 'ऑडिओ म्हणून' लावली तरी डेटा वाचेलच असे नाही, कारण फाइल तीच उतरते. बचत हवी असेल तर एमपीथ्रीचीच लिंक घ्या.

व्हिडिओ अडखळत असेल तर संगणकावर 'टूल्स'मधल्या 'प्रेफरन्सेस'मध्ये जा, 'इनपुट / कोडेक्स' उघडा आणि 'डिफॉल्ट कॅशिंग पॉलिसी' ही 'हायर लेटन्सी'वर ठेवा. सुरू व्हायला थोडा वेळ लागेल, पण मध्ये तुटणे कमी होईल.

एक खबरदारी

व्हॉट्सअ‍ॅपवर 'सगळे चॅनेल फुकट' म्हणून लांबलचक याद्या फिरतात. त्याही अशाच प्लेअरमध्ये चालतात. त्यातले बरेचसे प्रक्षेपण चोरीचे असते. पैसे लागत नाहीत म्हणून दुसऱ्याचा हक्क आपल्यासाठी जायज होत नाही. शिवाय अशा यादीत कधी काय लागेल याचा भरवसा नसतो. मुलांपासून जे दूर ठेवायचे, तेच त्यातून घरात येऊ शकते.

घरासाठी यादी करून ठेवा

ज्यांना लिंक पेस्ट करणे जमत नाही, अशा दादी-नानींसाठी घरातल्या कुणीतरी एकदाच हे काम करावे. त्यांच्या आवडीच्या सूरह आणि दर्सच्या लिंक एकामागून एक प्लेलिस्टमध्ये टाका. मग कंट्रोल आणि वाय दाबून ती फाइल डेस्कटॉपवर सेव्ह करा. पुढे फाइलवर दोनदा क्लिक केले की पुरे. महिन्यातून एकदा लिंक चालतात का ते तपासा, बंद पडलेल्या काढून टाका.