उघडे पुस्तक, खुला प्रश्न

या स्मरणिकेतले बहुतेक लेख शाळेच्या आठवणींचे असतील. हा थोडा वेगळा आहे. 'कवीला काय म्हणायचे आहे?' हा प्रश्न आपल्या पिढीने मराठीच्या तासाला असंख्य वेळा ऐकला. त्याचे उत्तर बहुतेक शाळांत एकच असे; ते फळ्यावरून वहीत आणि वहीतून उत्तरपत्रिकेत जाई. गेल्या शतकात काही शिक्षकांनी हा रिवाज बदलून पाहिला. पुस्तक उघडे ठेवायचे, प्रश्न विचारायचा आणि उत्तर मुलांनी एकमेकांशी बोलून शोधायचे, अशी त्यांची रीत होती. तिचा हा थोडक्यात इतिहास.

१९२० मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जॉन अर्स्किन या प्राध्यापकांनी एक अभ्यासक्रम सुरू केला. विद्यार्थ्यांनी आठवड्याला एक अभिजात ग्रंथ वाचायचा आणि मग एकत्र बसून त्यावर बोलायचे. होमरसारखा कवी आठवड्याभरात कसा समजणार, अशी सहकाऱ्यांची तक्रार होती. अर्स्किन यांचे म्हणणे असे की, हे ग्रंथ मुळात पंडितांसाठी नव्हे, तर सर्वसाधारण वाचकांसाठी लिहिले गेले होते. प्रत्येक गटाला दोन शिक्षक असत. दोन शिक्षकांचे आपसातच पटेनासे झाले की अंतिम शब्द कोणाचा, हा प्रश्न आपोआप मागे पडे.

याच सुमारास इंग्लंडमध्ये केंब्रिजला आय. ए. रिचर्ड्स वेगळाच प्रयोग करत होते. ते विद्यार्थ्यांना कविता देत, पण कवीचे नाव आणि काळ झाकून. आठवडाभर वाचा आणि जे वाटेल ते मोकळेपणाने लिहा, एवढीच सूचना. तेरा कवितांवरची ही टिपणे त्यांनी १९२९ च्या 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' या ग्रंथात छापली. निकाल धक्कादायक होता. चांगल्या शिकलेल्या मुलांनाही कवितेचा साधा अर्थ लागत नव्हता. कवीचे नाव दिसत नसल्याने नावाजलेल्या कवींनाही बोलणी बसली. अनेकांनी समोरच्या ओळी वाचण्याऐवजी मनात आधीच तयार असलेल्या भावना आणि समजुती कागदावर उतरवल्या होत्या. खुल्या चर्चेच्या समर्थकांनी हा निकाल विसरता कामा नये. 'मला असे वाटते' एवढ्याने वाचन होत नाही. तसे का वाटते, ते कवितेतल्या शब्दांवर बोट ठेवून सांगावे लागते.

१९३० मध्ये एडवर्ड हार्कनेस या अमेरिकन धनिकाने न्यू हॅम्पशायरमधल्या फिलिप्स एक्सेटर अकॅडमी या निवासी शाळेला ५८ लाख डॉलरची देणगी दिली. घराण्याचा पैसा स्टँडर्ड ऑइल कंपनीतला. बाकांच्या रांगा जाव्यात, मोजक्या मुलांनी शिक्षकांसह एका टेबलाभोवती बसावे आणि मागे राहणाऱ्या, बुजऱ्या मुलालाही बोलावेसे वाटावे, ही त्यांची कल्पना. त्या पैशातून शिक्षक वाढले, वर्ग लहान झाले आणि खोल्यांत मोठी अंडाकृती टेबले आली. या टेबलाला शेवटची रांग नसते, त्यामुळे कोणाला लपता येत नाही.

हे वाचून आपले शिक्षक हसतील. साठ मुले, पस्तीस मिनिटे आणि दिवाळीपूर्वी संपवायचा भाग, यात अंडाकृती टेबल मांडायचे कुठे? प्रश्न रास्त आहे. पण इतिहासाचा पुढचा टप्पा टेबलावाचूनचा आहे.

अर्स्किन यांच्या वर्गात शिकलेले मॉर्टिमर ॲडलर आणि शिकागो विद्यापीठाचे प्रमुख रॉबर्ट हचिन्स यांनी १९४७ मध्ये ग्रेट बुक्स फाउंडेशन ही संस्था काढली. तिचे वाचनगट प्रौढांसाठी होते आणि ते चालवायला प्राध्यापक लागत नसे. पुढे शाळकरी मुलांसाठीही असे गट निघाले. नियम मोजके होते. ज्याने वाचले आहे त्यानेच बोलायचे. मताला आधार त्याच पुस्तकातला द्यायचा. गट चालवणाऱ्याने स्वतःचे मत सांगायचे नाही, फक्त विचारायचे. आणि प्रश्नही असा की ज्याचे एकच पक्के उत्तर त्याच्यापाशीही नाही. या शेवटच्या नियमाला पैसे लागत नाहीत. शिक्षकाला तोंडाशी आलेले उत्तर गिळावे लागते, आणि ते सोपे नसते.

या चळवळीतही एक दार बंदच राहिले होते. प्रश्न खुले होते, पण कोणती पुस्तके थोर हे आधीच ठरले होते. हचिन्स आणि ॲडलर यांच्या संपादनाखाली १९५२ मध्ये निघालेल्या ५४ खंडांत एकही लेखिका नव्हती. जेन ऑस्टिन, व्हर्जिनिया वूल्फ यांना १९९० च्या आवृत्तीत जागा मिळाली.

आता आपल्याकडे. बालभारतीच्या अलीकडच्या मराठी पुस्तकांत 'स्वमत' हा प्रश्नप्रकार आला आहे. विद्यार्थ्याने धड्याविषयी स्वतःचे मत मांडावे, हा त्याचा हेतू. पण बाजारातल्या गाईडमध्ये स्वमताचीही तयार उत्तरे मिळतात आणि मुले ती पाठ करतात. मूल दुसऱ्याचे मत स्वतःचे म्हणून लिहायला शिकत असेल, तर नुकसान केवळ मराठी विषयाचे नाही. पुढे मतदान करतानाही ते तेच करील. गाईडवर बंदी घालून हे थांबणार नाही. वर्गात आठवड्यातून एक तास जरी असा मिळाला की ज्यात बाईंनी किंवा सरांनी खरोखर न सुटलेला प्रश्न विचारला, तर गाईडचे उत्तर तिथे अपुरे पडेल.

म्हणून एक सूचना. पुढच्या मेळाव्यात भाषणांतला एक तास बाजूला काढू या. दहावीच्या आपल्या वाचनमालेतला एक धडा सर्वांनी घरून पुन्हा वाचून यायचा, बाराबारा जणांचे गोल करायचे आणि आपल्या गुरुजनांनी एकेका गोलात बसायचे. त्यांना फक्त प्रश्न विचारायचा अधिकार. उत्तर सांगायची त्या दिवशी सुट्टी. धडा कोणता घ्यावा, ते संपादक मंडळाला जरूर कळवा.