मक्सची टेकडी आणि शहापूरचा हंडा

माणसाचा खालचा जबडा हे एकच हाड आहे. आरशासमोर तोंड उघडून बोटाने चाचपलं तरी कुठे जोड लागत नाही. पण हजारएक वर्षं वैद्यकाच्या पुस्तकांत लिहिलेलं होतं की जबड्याची हाडं दोन असून ती हनुवटीपाशी जोडलेली आहेत. हे दुसऱ्या शतकातल्या गॅलेनचं म्हणणं. माणसाचं शव फाडण्याची मुभा त्याच्या काळी रोममध्ये नव्हती, त्यामुळे त्याची बरीचशी शरीररचना माकडं आणि डुकरं फाडून शिकलेली. त्याचे ग्रंथ अरबीत आले, हकिमांनी ते भक्तिभावाने शिकवले, आणि ही चूकही पिढ्यानपिढ्या शिकवली गेली.

ती पकडली बगदादच्या अब्दुल लतीफने (११६२–१२३१). नाईलला पुरेसं पाणी न आल्याने १२०० ते १२०२ या काळात इजिप्तमध्ये भयंकर दुष्काळ पडला. तेव्हा तो कैरोत होता. माणसं रस्त्यावर मरत होती, दफन करायला कोणी उरत नव्हतं. शहराबाहेर मक्स नावाच्या जागी सांगाड्यांची टेकडीच झाली होती. वीस हजारांच्या वर प्रेतं असावीत असा त्याचा अंदाज. तिथे जाऊन त्याने दोन हजारांहून जास्त कवट्या तपासल्या, दुसऱ्यांनाही तपासायला लावल्या. एकाही जबड्यात जोड सापडला नाही. गॅलेनबद्दल पूर्ण आदर ठेवून त्याने लिहिलं की डोळ्यांची साक्ष ग्रंथापेक्षा वरचढ मानावी लागते.

आपल्याकडे हा किस्सा ‘बघा, युरोपच्या आधी आमच्याच माणसाने शोधलं’ अशा थाटात सांगितला जातो. खरं आहे, व्हेसेलियस त्यानंतर तीनशे चाळीस वर्षांनी आला. पण त्या अभिमानात टेकडी विसरली जाते. ती हाडं उपाशी मेलेल्यांची होती. पुढेही फार वेगळं झालं नाही. जगभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांना माणसांचे सांगाडे पुरवणारा मोठा देश भारतच होता. १९८५ साली सरकारने निर्यातीवर बंदी घातली. ते सांगाडेही श्रीमंतांचे नव्हते.

हे आठवायचं कारण शहापूर आणि मुरबाडचा उन्हाळा.

हाड म्हणजे वाळकं लाकूड, अशी आपली समजूत असते. जिवंत हाडात रक्त फिरतं, मगजात रक्तपेशी तयार होतात. बाहेर टणक कवच, आत जाळी. साधारण दोन तृतीयांश भाग चुन्यासारखे क्षार, उरलेला बहुतेक प्रथिनांच्या धाग्यांचा. क्षार नसते तर हाड वाकलं असतं, धागे नसते तर काचेसारखं फुटलं असतं. आणि ही इमारत रोज थोडी पाडली जाते, थोडी बांधली जाते. ज्या दिशेने भार पडतो त्या दिशेने जाळीचे खांब उभे राहतात, हे बर्लिनच्या युलियस वुल्फने १८९२ च्या आपल्या ग्रंथात मांडलं.

त्याच १८९२ साली शहापूर तालुक्यातल्या तानसाचं पाणी मुंबईला सुरू झालं. पुढे वैतरणेवरचा मोडकसागर झाला, भातसा झालं. महानगराची तहान भागवणारा हा तालुका, आणि त्याच्याच पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. मुरबाडच्या डोंगरकडेच्या वाड्यांची गत तीच.

टँकर आला नाही की ठाकूर, कातकरी बाया विहिरीत उतरतात. डोक्यावर चुंबळ, तिच्यावर हंडा, त्यावर कळशी. पंधरा लिटरच्या हंड्यात पाण्याचंच वजन पंधरा किलो. ते कवटीतून मानेच्या पहिल्या मणक्यावर येतं, तिथून सात मणक्यांच्या उतरंडीने पाठीत आणि कमरेत.

आता कोणी म्हणेल, वुल्फच्या नियमाने तर त्यांची हाडं मजबूत व्हायला हवीत. होतीलही, बांधकामाला माल आणि विश्रांती मिळाली तर. भार हा फक्त गवंडी आहे, चुना पोटातून यावा लागतो. पोटातल्या मुलाचा सांगाडा आईच्या कॅल्शियमवर घडतो, अंगावर पाजताना ते तिच्या हाडांतूनही काढलं जातं. नीट जेवण असेल तर नंतर भरून निघतं. या डोंगरउतारांवर नाचणी आणि वरई पिकते. शंभर ग्रॅम नाचणीत तीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असतं, तांदळात त्याच्या पासंगालाही पुरत नाही. पण रेशनच्या पिशवीतून घरी येतो तो मुख्यतः तांदूळ आणि गहू.

मान दुखते म्हणून दवाखाना गाठला की गोळी मिळते, आणि गोळी घेऊन बाई पुन्हा विहिरीवर.

मणके चेपत गेले की माणूस बुटकं होत जातं. हे बघायला ना शव फाडावं लागतं, ना मोठं यंत्र लागतं. अंगणवाडीच्या भिंतीवर खडूने रेघ मारून दरवर्षी उंची टिपली तरी खूप कळेल. भिंतीवर मुलांची उंची मोजायचा तक्ता असतोच. त्यांच्या आयांना त्या तक्त्यापाशी उभं करत नाहीत.