तापीकाठचा संसार : सुरतेच्या पाण्याची कथा

सुरतेचे नाव निघाले म्हणजे आपणां मराठी वाचकांच्या डोळ्यांपुढे प्रथम १६६४ आणि १६७० ही दोन साले उभी राहतात. त्यानंतर राघोबादादांचा १७७५ चा तह आठवतो आणि १९०७ च्या काँग्रेसच्या अधिवेशनात झालेली फाटाफूट आठवते. इतिहासाच्या पुस्तकांतून सुरत आपणांस भेटते ती अशी, लूट, तह आणि सभा यांच्या रूपाने. परंतु कोणत्याही गावाचे आणखी एक दफ्तर असते आणि ते बहुधा बायकामाणसांच्या हाती असते. पाणी कोठून आणावे, कोठे साठवावे, पावसाळ्यापूर्वी काय वाळवून ठेवावे आणि अंगणात काय लावावे, हे त्या दफ्तरात नोंदलेले असते. सुरतेचे हे दुसरे दफ्तर चाळावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सोळाव्या शतकाच्या आरंभी गुजरातच्या सुलतानांच्या पदरी मलिक गोपी नावाचा एक धनाढ्य ब्राह्मण व्यापारी व मुत्सद्दी होता. इ. स. १५१० च्या सुमारास त्याने सुरतेत एक विस्तीर्ण तळे बांधविले. पुढे १५१५ साली सुलतानाच्या रोषास बळी पडून त्याचा अंत झाला, तथापि गोपीपुरा हा मोहल्ला आणि गोपी तलाव हे तळे यांनी त्याचे नाव राखले. तळे बहुकोनी, चहूंकडून दगडी पायऱ्यांनी बांधलेले होते. पिएत्रो देल्ला वाल्ले हा इटालियन प्रवासी १६२३ साली सुरतेस आला आणि १६६६ साली तेव्हनो हा फ्रेंच प्रवासी आला. दोघांनीही या तळ्याचे वर्णन केले आहे, आणि तेव्हनोने तर त्याची तुलना प्राचीन रोमन लोकांच्या लोकोपयोगी बांधकामांशी केली. सुरतेच्या बंदरात त्या काळी जगातील माल उतरत असे. अशा गावात परक्या माणसांस थांबून पाहावेसे वाटले, ते एका गृहस्थाने सर्वांच्या पाण्यासाठी केलेले हे काम होय.

आमच्या कोकणी वाचकांस या गोष्टीचे विशेष नवल वाटणार नाही. श्रीमंगेश १५६० साली कुशस्थळीहून प्रियोळास आले. तेथील देवालयाच्या वास्तूंत तळे हा सर्वांत जुना भाग मानला जातो. आपल्याकडे देवालयापुढील तळे म्हणजे केवळ शोभा नव्हे. तळ्यात साठलेले पाणी जमिनीत मुरते, भोवतालच्या विहिरींस ओल पुरविते, आणि त्या विहिरींवर कुळागरे व परसबागा जगतात. देवाचे स्नान आणि घरातील अळूच्या वाफ्याचे शिंपण यांचा संबंध अशा रीतीने एकाच झऱ्याशी पोहोचतो.

सुरतेत हा संबंध तुटला. सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत गोपी तलाव कोरडा पडत गेला. अठराव्या शतकाच्या आरंभी, फर्रुखसियर बादशहाच्या अमदानीत, शहराभोवती नवा तट उभारला गेला, तेव्हा या तळ्याचे दगड तटबंदीच्या कामी गेले. हा तट शत्रूंच्या भयाने बांधला होता. परंतु पुढे सुरतेवर जी मोठी संकटे आली, त्यांपैकी कित्येकांना तटाची मातब्बरी नव्हती. १८३७ च्या एप्रिलात शहरास भयंकर आग लागून नऊ हजारांवर घरे जळाली आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात तापीस महापूर आला. आग विझविण्यास पाणी अपुरे पडावे आणि चार महिन्यांनी तेच पाणी घरांत शिरावे, हा दैवाचा खेळ विलक्षण खरा. पण पाण्यासाठी राखलेली जागा नाहीशी झाली म्हणजे असे खेळ अधिक घडू लागतात, हेही तितकेच खरे.

आता तापीकडे वळू. सूर्यकन्या म्हणून पूजिली जाणारी ही नदी मुलताईस उगम पावते आणि सुमारे ७२४ किलोमीटर वाहत जाऊन सुरतेपलीकडे समुद्रास मिळते. वाटेत ती आपले खानदेश ओलांडते. चांगदेव येथे पूर्णेचा संगम, आणि दक्षिणकाशी म्हणून गाजलेले प्रकाशे, ही तिच्याच काठची क्षेत्रे. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तापी खोऱ्यातून रेल्वे झाली आणि खानदेशचा माणूस नदीच्याच दिशेने सुरतेस उतरू लागला. पुढे यंत्रमागांचा व्यवसाय वाढला, तेव्हा हा ओघ मोठा झाला. आज लिंबायत, उधना, डिंडोली, गोडादरा या भागांत मराठी व अहिराणी बोली घरोघर ऐकू येते. त्यांच्याच शेजारी, बारडोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पर्वत पाटिया आहे. पर्वत हे मूळचे एक खेडे. गुजरातेत रस्त्यावर गावाच्या नावाची पाटी जेथे असते, त्या फाट्यास पाटिया म्हणतात. गाव शहरात मिसळून गेले, पाटीचे नाव मात्र वस्तीस चिकटले.

या वस्त्यांतील मराठी घरांचे वर्ष ऋतूंवर बेतलेले असते. चैत्र-वैशाखाच्या उन्हात गच्चीवर कुरडया, पापड आणि ज्वारीचे बिबडे वाळतात. अक्षय तृतीयेस, म्हणजे खानदेशच्या आखाजीस, पितरांसाठी नवी घागर पाण्याने भरली जाते. सासुरवाशिणींस माहेरचा झोका आठवतो तो याच दिवशी. दारापुढे हातभर माती असली तर तुळस, जास्वंद, कढीलिंब आणि जिन्याच्या कठड्यावर चढविलेला गिलक्याचा वेल. माती नसली तर तेच सारे डब्यांत आणि कुंड्यांत. थंडीत सुरतेची भूमी आपली श्रीमंती दाखविते. नदीच्या गाळावर पोसलेली कतारगामची पापडी, उंधियूसाठी कंद, आणि ज्वारीचा कोवळा पोंक बाजारात येतो. जळगावच्या वांग्याचे भरीत आणि सुरती पापडी एकाच चुलीवर शिजते. तापीच्या वरच्या आणि खालच्या काठांचा हा मिलाफ आम्हांस मोठा मनोहर वाटतो.

पावसाचा हिशोब मात्र बदललेला असतो. खानदेशात वर्षाकाठी सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, सुरतेत सुमारे १,२०० मिलिमीटर. कोकणच्या मानाने हा निम्म्याहून कमी, पण सुरत सखल आहे आणि समुद्राची भरती नदीतून शहराकडे चढते. वर धरणातून पाणी सुटावे आणि खालून उधाण यावे, म्हणजे मध्ये सापडलेले शहर बुडते. १९७२ साली उकाईचे धरण पुरे झाले, तेव्हा पुराचे भय गेले असे पुष्कळांस वाटले. ऑगस्ट २००६ मध्ये वरच्या खोऱ्यात अतोनात पाऊस झाला, धरणातून सुमारे नऊ लाख क्युसेकपर्यंत पाणी सोडावे लागले आणि शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. त्या ९ ऑगस्टला राखी पौर्णिमा होती. कोकण किनाऱ्यावर ज्या दिवशी आपण शांत हो म्हणून सागरास नारळ अर्पितो, त्याच दिवशी सुरतेची माणसे गच्च्यांवर बसून पाणी उतरण्याची वाट पाहत होती.

पर्वत पाटियाच्या बाजूचे संकट मात्र नदीपेक्षा खाड्यांचे आहे. पूर्वेकडील शेतांचे पाणी वाहून नेणारे हे ओहळ. त्यांच्या काठांवर वस्ती दाटली, पात्रात केरकचरा व मैला साचला आणि ओहळांचा श्वास कोंडला. जुलै २०२४ आणि जून २०२५ मध्ये याच खाड्यांचे पाणी घरांत शिरले. ज्या गृहिणीने उन्हाळाभर वाळवण केले, तिचे धान्य भिजते. कुंडीतली तुळस तरते किंवा वाहून जाते. नंतर राहतो तो वास आणि चिखल, आणि तापाची साथ. ही हानी कोणत्याही बखरीत लिहिली जात नाही.

नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशी घरांत कानबाई बसते. पुरणाचा नैवेद्य होतो, रोट होतात आणि दुसऱ्या दिवशी वाजतगाजत तिला पाण्यावर नेतात. नदीचे पाणी राखावे म्हणून गणेशविसर्जनासाठी अलीकडे सुरतेत महापालिका कृत्रिम तळी करते. तिनेच गोपी तलावाचाही जीर्णोद्धार केला असून आज तेथे लोक फिरावयास जातात. गोष्ट स्तुत्य आहे, यात शंका नाही. तथापि मलिक गोपीचे तळे ही पाहण्याची जागा नव्हती, ती पाणी राहण्याची जागा होती. हा भेद विसरला तर जीर्णोद्धार पुरा झाला असे आम्हांस म्हणवणार नाही.

शहर मोठे आहे, खाड्या रुंद करणे हे सरकारदरबारचे काम आहे, हे आम्ही जाणतो. पण देवालयांचे विश्वस्त आणि घरोघरचे गृहस्थ यांच्याही हाती काही आहे. अंगण सारे फरसबंद न करता एक वाफा मातीचा ठेवावा. छपराचे पाणी त्यात किंवा विहिरीत सोडावे. निर्माल्य ओहळात न टाकता खत म्हणून झाडांस घालावे. देवालयाचे तळे असेल तेथे दर वैशाखात त्यातील गाळ काढावा आणि तो बागेस द्यावा. आपल्या वाडवडिलांनी हे धर्मकृत्य म्हणून केले, आणि त्यामुळेच ते टिकले. वर्गणीतून देवालयास नवा रंग देण्यापूर्वी एकदा तळ्याचा तळ पाहावा, अशी आमची वाचकांस विनंती आहे.