राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम

राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम हा भारत सरकारच्या आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्रालयाचा १० ते १९ वर्षे वयोगटासाठीचा आरोग्यविषयक कार्यक्रम आहे. त्याचा प्रारंभ ७ जानेवारी २०१४ रोजी झाला. शाळेत जाणारे व शाळा सुटलेले, विवाहित व अविवाहित, ग्रामीण व शहरी अशा सर्व मुलामुलींचा त्यात समावेश होतो. २०११ च्या जनगणनेनुसार देशात या वयाची लोकसंख्या सुमारे २५ कोटी होती.

पार्श्वभूमी

यापूर्वीचे धोरण मुख्यतः प्रजनन व लैंगिक आरोग्यापुरते होते, आणि तेही दवाखान्यात येणाऱ्यांसाठी. मात्र या वयातील मुले सहसा आजारी पडत नाहीत आणि पडली तरी आपणहून दवाखान्यात जात नाहीत. म्हणून नव्या कार्यक्रमात पोषण, मानसिक आरोग्य, व्यसने, हिंसा व दुखापती आणि असंसर्गजन्य आजार यांची भर घालून सेवा शाळेत व गावात नेण्यावर भर देण्यात आला.

रक्तक्षय

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) १५ ते १९ वर्षांच्या ५९.१ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. चौथ्या फेरीत हे प्रमाण ५४.१ टक्के होते. मुलांमध्ये ते ३१.१ टक्के आहे. यावर उपाय म्हणून शाळांत व अंगणवाड्यांत आठवड्यातून एकदा लोह व फॉलिक आम्लाची निळी गोळी, तर वर्षातून दोनदा जंतनाशक गोळी दिली जाते. लोहाची गोळी उपाशीपोटी घेतल्यास मळमळते, म्हणून ती जेवणानंतर द्यावयाची असते. एखाद्या मुलीला उलटी झाली की पालकांचा विश्वास उडतो आणि पुढच्या आठवड्यात गोळी दप्तरातच राहते. चहाने लोहाचे शोषण घटते, लिंबू वा आवळ्याने वाढते; ही साधी माहिती गोळीसोबत पोहोचणे गोळीइतकेच महत्त्वाचे ठरते.

मैत्री क्लिनिक व साथिया

किशोरांसाठीच्या सल्ला व उपचार केंद्रांना महाराष्ट्रात ‘मैत्री’, पश्चिम बंगालमध्ये ‘अन्वेषा’, तर कर्नाटकात ‘स्नेहा’ असे नाव आहे. मासिक पाळीच्या तक्रारी, मुरुमे, परीक्षेचा ताण, तंबाखूची सवय अशा विषयांवर तेथे समुपदेशन मिळते. गावपातळीवर दोन मुलगे व दोन मुली समवयस्क मार्गदर्शक म्हणून निवडले जातात. त्यांना ‘साथिया’ म्हणतात. आशा कार्यकर्ती त्यांना साहाय्य करते. २०२० पासून आयुष्मान भारत योजनेखाली प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना, शक्यतो एक पुरुष व एक स्त्री, आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण देण्याची व्यवस्था आहे.

अडचणी

लैंगिक शिक्षणाला होणारा विरोध ही जुनी अडचण आहे. २००७ मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी शाळांतील असे शिक्षण थांबवले होते. दुसरी अडचण कायद्याची आहे. समुपदेशनाचा पाया गोपनीयता हा आहे. पण २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्तीशी झालेला लैंगिक संबंध, तो परस्परसंमतीचा असला तरी, गुन्हा ठरतो आणि त्याची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. त्यामुळे ज्या मुलीला सल्ल्याची सर्वाधिक निकड असते, तीच केंद्राची पायरी चढण्यास धजावत नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मधील निकालात गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीचे नाव, तिने व पालकांनी विनंती केल्यास, पोलिसांना कळवण्यातून डॉक्टरांना सूट दिली. गर्भपाताव्यतिरिक्तच्या समुपदेशनाला मात्र ही सूट लागू नाही.