मध, कवठ आणि धायटीचीं फुलें

ज्युबिलीच्या जेवणास घरींच केलेलें मधाचें मद्य ठेवावें, असा विचार आमच्या मंडळींत निघाला आणि त्यास उत्तर देण्याचें काम आमच्याकडे आलें. उत्तर एका वाक्यांत देतां आलें असतें. पण शोध करूं लागतां विषय असा रसाळ निघाला कीं, तो वाचकांपुढें ठेविल्यावांचून राहवत नाहीं.

आरंभ आमच्याच स्वयंपाकघरांतला आहे. एका ईस्टरास आम्हीं कवठाचा गर पाण्यांत कोळून, त्यांत मध घालून सरबत केलें. त्यांतली एक बाटली फडताळांत मागें राहून गेली. वरणगांवचा चैत्र कसा असतो हें येथल्या वाचकांस सांगावयास नको. आठ दिवसांनीं भरदुपारीं बूच उडालें आणि सरबत आढ्यापर्यंत गेलें. घरांतल्या वडील बाईंनीं विचारलें, "मध तर वर्षानुवर्षें बिघडत नाहीं, मग हा कसा बिघडला?"

प्रश्न मार्मिक होता. मधांत शेंकडा सुमारें ८० भाग साखर असते व पाणी अवघें १७ ते २० भाग. इतक्या दाट द्रवांत यीस्टचे सूक्ष्म जीव वाढूं शकत नाहींत. पाणी मिळालें कीं तेच जीव साखरेचें मद्य व वायु करूं लागतात. आंबणें हें सजीवांचें कार्य आहे, ही गोष्ट लुई पाश्चर यांनीं १८५७ पासून पुढील कांहीं वर्षांत प्रयोगांनीं सिद्ध केली. परंतु नुसत्या साखरेवर हे जीव पोसत नाहींत. त्यांस नायट्रोजनयुक्त अन्न लागतें, आणि मधांत तें नाममात्र असतें. उपाशी यीस्ट अर्ध्यावर थांबतें, किंवा सडक्या अंड्यासारखी दुर्गंधी सोडतें. म्हणून मधाबरोबर फळ घालण्याची चाल पडली. आमच्या बाटलींत तें काम कवठानें केलें! पुष्कळांची भिस्त मूठभर मनुकांवर असते. ती बरीचशी फोल आहे, कारण तेवढ्या मनुकांतून मिळणारें पोषण फार थोडें. त्यापेक्षां फुलांचा पराग, किंवा उकळून मारलेलें यीस्टच, पुष्कळ अधिक उपयोगी पडतें.

आपल्या पूर्वजांस हें रसायन ठाऊक नव्हतें, पण युक्ति मात्र साधली होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सुराध्यक्षाच्या अध्यायांत आसवाचें प्रमाण दिलें आहे: एक तुळा कवठ, पांच तुळा फाणित, म्हणजे काकवीसारखा पाक, आणि एक प्रस्थ मध. कवठ व मध यांची ही जोडी वाचून आम्हांस आमची बाटली आठवली. त्याच अध्यायांतलें किण्व, म्हणजे विरजण, उडीद व तांदूळ यांचें आहे. उडदांतून यीस्टला नायट्रोजन मिळत असला पाहिजे. (तेथें 'मधु' हें नांव मात्र द्राक्षाच्या मद्यास आहे, आणि 'मेदक' तांदुळाचें, नांवांवरून शोधूं जाणारा फसतो.) चरकसंहितेंत प्रमेहाच्या चिकित्सेंत मध्वासव सांगितलें आहे, औषधी काढ्यांत त्याच्या निम्मा मध घालून, तुपानें माखलेल्या भांड्यांत एक पंधरवडा ठेवावयाचें. आणि आसवारिष्टें लावतांना वैद्य जीं धायटीचीं फुलें टाकतात, तीं सातपुड्याच्या उतारांवर तांबडीलाल फुललेलीं असतात. त्यांच्या मधुरसांत यीस्ट असतें, म्हणून तीं विरजणाचें काम करितात.

यापुढचा मुद्दा अधिक महत्त्वाचा. कौटिल्याच्या कडक व्यवस्थेंतही कुटुंबवत्सल गृहस्थांस विशेष प्रसंगीं श्वेतसुरा किंवा औषधासाठीं अरिष्ट करण्याची मोकळीक होती, आणि उत्सव व यात्रा यांसाठीं चार दिवसांची सवलत होती. आज तशी मोकळीक नाहीं. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ (पूर्वीचा मुंबई दारूबंदी कायदा) हा लागू असून परवान्यावांचून घरीं मद्य करणें हा गुन्हा आहे. औषधी आसवारिष्टांची वाट निराळी. परवाना घेऊन मधाचें मद्य करणारे कारखाने मात्र गेल्या दहा वर्षांत पुण्यास व नाशिकास निघाले आहेत. पुण्याचा 'मूनशाईन' आणि नाशिकचा 'सेराना' हे त्यांपैकीं. दुसऱ्याचें नांव आपल्या सातेरी मधमाशीच्या शास्त्रीय नांवांतलें आहे.

कोणी म्हणेल, मठांत हें होत आलें आहे ना? होय. इंग्लंडांतील बकफास्ट मठाचे ब्रदर अ‍ॅडम (१८९८–१९९६) यांनीं १९१९ पासून मठाचीं पोळीं सांभाळलीं, मधमाशांच्या नव्या वाणासाठीं जगभर कीर्ति मिळविली, आणि त्यांच्या मधाच्या मद्याचाही लौकिक होता. पण तें जेवणाच्या मेजावरचें पेय. मिस्सेसाठीं द्राक्षाचाच, न बिघडलेला नैसर्गिक द्राक्षारस हवा, असा ख्रिस्तसभेचा नियम आहे. मध कितीही शुद्ध असो, तो तेथें चालत नाहीं. मधमाशीचा वांटा वेदीवर आहे तो मेणाचा. ईस्टरच्या रात्रींच्या स्तुतिगानांत मेणबत्तीबरोबर मधमाशीचें नांव घेतलें जातें.

यावरून मंडळींस आम्हीं कळविलें कीं, ज्युबिलीच्या जेवणास कवठ व मध यांचें सरबत असेल. तें त्याच सकाळीं कोळावयाचें, आणि उरलेलें त्याच सायंकाळीं संपवावयाचें. बाटलींत भरून ठेवण्यास घरांतून सक्त मनाई आहे.