नावाची व्याप्ती

एकच नाव मजकुरात दोन ठिकाणी आले, तर दुसऱ्या ठिकाणी ते कोणाला उद्देशून आहे, हा प्रश्न आपण टीकाकारांचा मानतो. अष्टाध्यायीत एका सूत्रातले पद पुढील सूत्रांत अनुवृत्त होते. अधिकार दर्शविणारी स्वरितचिन्हे लुप्त झाल्याने त्याची मर्यादा आज परंपरेनेच ठरते. संगणकाला मात्र परंपरेचा आधार नाही. तेथे नियम आधी लिहावा लागतो.

१९६० च्या आल्गोल ६० अहवालाने तो लिहिला : ज्या खंडात नाव घोषित झाले, त्या खंडापुरतेच ते खरे. त्याच सुमारास जॉन मॅकार्थी यांच्या लिस्पमध्ये उलटे घडले. नावाचा अर्थ ते कोठे लिहिले यावर न ठरता, ते कोणाच्या हाकेने चालू झाले यावर ठरू लागला. ही एक किरकोळ चूक असून स्टीव्ह रसेल ती लवकरच दुरुस्त करतील, असे आपल्याला वाटले होते, अशी कबुली मॅकार्थी यांनीच पुढे दिली. किरकोळ ! ससमन आणि स्टील यांची स्कीम ही लिस्पची बोली १९७५ मध्ये आली, तेव्हा कोठे लिस्पच्या घराण्यात लिखित स्थानाला खरा मान मिळाला.

हाच वाद क्लासमधील फील्डच्या आरंभमूल्यापाशी पुन्हा उभा राहिला. समजा, क्लासच्या बाहेर 'रंग' हे नाव आहे, आत एका फील्डपुढे 'रंग' लिहिले आहे, आणि कन्स्ट्रक्टरच्या कंसातही 'रंग' नावाचा पाहुणा आहे. फील्डचा 'रंग' कोणता? लेखनाचे स्थान पाहिले तर बाहेरचा. पण ते आरंभमूल्य काढले जाते वस्तू जन्मताना, म्हणजे कन्स्ट्रक्टरच्या वेळी. २०१२ साली जाहीर झालेली टाइपस्क्रिप्ट जुन्या जावास्क्रिप्टमध्ये उतरताना हे वाक्य उचलून कन्स्ट्रक्टरमध्ये नेऊन ठेवी. तसे केले, की पाहुणा ते नाव बळकावणार ! म्हणून टाइपस्क्रिप्टने असे वाक्यच चूक ठरवले. अर्थ बदलून भाषांतर करण्यापेक्षा भाषांतरास नकार देणे आम्हांस अधिक प्रामाणिक वाटते.

जावास्क्रिप्टच्या २०२२ च्या प्रमाणग्रंथात ही फील्ड आली, ती लिखित स्थानाचा कौल घेऊनच. कन्स्ट्रक्टरचे पाहुणे तेथे दिसत नाहीत. आरंभमूल्य जणू एका स्वतंत्र मेथडमध्ये लिहिले आहे, असे धरले जाते. 'धिस' हे सर्वनाम मात्र नव्याने जन्मणाऱ्या वस्तूकडेच बोट दाखवते, तिच्याभोवतीच्या मजकुराकडे नाही. आणि 'आर्ग्युमेंट्स' हा शब्द? त्याचा अर्थ काय लावावा याचे समाधानकारक उत्तर नव्हते, तेव्हा तो तेथे उच्चारणेच निषिद्ध झाले.