‘सैरंध्री’च्या वेळचें कोल्हापूर

चित्रपटाचा इतिहास सांगूं लागलों कीं आपण दिग्दर्शकांचीं नांवें व प्रकाशनाच्या तारखा यांपाशींच थांबतों. ज्या गांवांत चित्र घेतलें जात होतें, त्या गांवानें त्यास काय दिलें आणि त्यापायीं कोणास काय सोसावें लागलें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. १९२० सालीं प्रकाशित झालेला कोल्हापूरचा ‘सैरंध्री’ हा मूकपट या दृष्टीनें पाहण्याजोगा आहे.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री, म्हणजेच बाबूराव पेंटर, हे १८९० सालीं कोल्हापुरांतच जन्मले. घरांत कारागिरीचें वळण होतें. पुढें बंधु आनंदराव यांच्यासह नाटकमंडळ्यांचे पडदे रंगविण्यांत त्यांचा हात बसला. १९१३ मध्यें फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ निघाला आणि या बंधूंस चित्रपटाचा ध्यास लागला. १९१६ सालीं आनंदराव वारले. तथापि बाबूरावांनीं दामले यांच्या साहाय्यानें १९१८ मध्यें स्वतःचा कॅमेरा तयार केला. महाराष्ट्र फिल्म कंपनीस भांडवल पुरविलें तें तानीबाई कागलकर या गायिकेनें. म्हणजे यंत्र गांवच्या कारागिरांचें, पडदे गांवच्या रंगाऱ्यांचे आणि द्रव्यहि गांवांतल्याच एका कलावतीचें.

या उद्योगाचें घड्याळ सूर्य हेंच होतें. कृत्रिम प्रकाशाचा उपयोग कंपनीनें पुढें १९२३ च्या ‘सिंहगड’मध्यें केला, तोंपर्यंत प्रसंग महालांतला असो वा अरण्यांतला, तो उन्हांतच घ्यावा लागे. मूकपट असल्यामुळें शांततेची मात्र गरज नव्हती. कॅमेऱ्याचा दांडा हातानें फिरत असतां जवळच सुताराचा हातोडा चालला, किंवा रस्त्यानें बैलगाडी खडखडत गेली, तरी चित्रास कांहीं बाध येत नसे. ढग आला कीं विराटाचा दरबारहि थांबे. गांवाचा व्यवहार आणि चित्राचा व्यवहार एकाच उन्हांत, शेजारीं शेजारीं चालत होता.

एका बाबतींत मात्र हा शेजारधर्म तुटला. ‘राजा हरिश्चंद्र’मध्यें स्त्रीभूमिका पुरुषांनींच केल्या होत्या. लवकरच ‘मोहिनी भस्मासुर’मध्यें दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई पडद्यावर आल्या, तरी तो पायंडा पडला नव्हता. बाबूरावांनीं ‘सैरंध्री’साठीं गुलाबबाई व अनसूयाबाई या दोघींना घेतलें आणि त्यांचीं नांवें कमलादेवी व सुशीलादेवी अशीं ठेविलीं. अभिनय हें स्त्रीस न शोभणारें कर्म, असा तेव्हांचा समज. त्या दोघींना त्यांच्या समाजानें वाळींत टाकलें आणि त्यांस कंपनीच्या आवारांतच आश्रय घ्यावा लागला. इतरांचें तें दिवसाचें कामाचें ठिकाण; ऊन उतरलें कीं ते आपापल्या घरीं जाण्यास मोकळे. या दोघींना परत जाण्यास घर उरलें नव्हतें.

‘सैरंध्री’ची कथा तरी कोणती? पांडवांची राणी नांव पालटून विराटाघरीं दासी होऊन राहते व तेथेंहि अपमान सोसते. पुण्यास हें चित्र पाहून लोकमान्य टिळकांनीं बाबूरावांस ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरविलें. तो गौरव योग्यच होता. परंतु पालटलेल्या नांवांनीं, परक्या आवारांत राहणाऱ्या या दोन स्त्रियांची आठवण त्यासवें झाली पाहिजे, असें आम्हांस वाटतें. पडद्यावरील द्रौपदीसाठीं हळहळणें सोपें; शेजारच्या स्त्रीस उंबरठ्याआंत घेणें तितकें सोपें नसतें.

बारा वर्षांनीं, १९३२ सालीं, त्याच कोल्हापुरांत प्रभात कंपनीनें ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट घेतला. तारामतीची भूमिका दुर्गाबाई खोटे यांनीं केली. सुखवस्तु, सुशिक्षित घराण्यांतील स्त्री पडद्यावर आली, याची पुढें पुष्कळ वाखाणणी झाली. १९८३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कारहि त्यांना लाभला. ती वाखाणणी रास्तच आहे. पण तिच्या आधीं गुलाबबाई व अनसूयाबाई यांनीं जें मोल दिलें, त्याची नोंद एखाद्या ओळीपलीकडे क्वचितच सांपडते.

‘सैरंध्री’ची प्रत आज उपलब्ध नाहीं. कॅमेरा कोणीं घडविला, हें कोल्हापूर अभिमानानें सांगतें. त्या कॅमेऱ्यापुढें उभें राहिल्यामुळें कोणाचें घर सुटलें, हेंहि त्यानें तितक्याच स्पष्टपणें सांगावें.